खुर्चीतली पाठमोरी

१

"कोण बसलंय ते कुणाला कळणार आहे? चेहरा थोडाच दाखवायचाय! वहिनीलाच बसव खुर्चीत. ती तशीही घरात असून नसल्यासारखीच असते."

हे दीर म्हणाला, आणि ते तिने ऐकावं म्हणून म्हणाला नव्हता. ती चहाचा ट्रे घेऊन पॅसेजमध्ये उभी होती. पाऊल पुढे टाकावं की मागे, हे ठरेपर्यंत चहावर साय धरली. आत हशा झाला. त्यात नवऱ्याचं हसू नव्हतं, हे तिने नीट कान देऊन ऐकलं. पण "असं बोलू नकोस" असंही तो म्हणाला नाही. त्याने एवढंच विचारलं, "उंची जमेल?"

लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा जी खोली तिला मिळायची होती ती अंतराळात गेली होती. नवरा सिनेमा काढत होता. धाकटा भाऊ कॅमेऱ्यावर. कॉलेजातला एक मित्र आवाजावर, ज्याला सगळे कानसेन म्हणत. आणि कपडेपट सासूबाईंकडे. खोलीच्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, जमीन पांढरी झाली होती, खिडकीवर थर्मोकोल चढला होता. समोरच्या भिंतीत एक गोल झरोका होता: काळा कागद, त्याला टाचणीने पाडलेली भोकं, मागे दिवा आणि पुढे पारदर्शक पत्रा. झाले तारे. तिचं कपाट खोट्या भिंतीमागे सरकवलेलं होतं. साधी ओढणी काढायची तरी अंग चोरून आडवं शिरावं लागे. नवरा-बायको हॉलमध्ये, ट्रायपॉडच्या पायांशी झोपत.

"सिनेमा संपला की खोली आपली," नवरा म्हणायचा. सिनेमा मात्र संपायचं नाव घेत नव्हता.

गोष्ट तशी सोपी होती. एक बाई यानात एकटी बसून निरोपाची वाट बघते. सबंध सिनेमाभर ती पाठमोरी दिसते. अगदी शेवटी ती उठते आणि वळते, तेवढाच काय तो चेहरा. नाटकात काम करणारी एक मुलगी त्या खुर्चीत बसत असे. पांढऱ्या भिंतीकडे बघून बघून ती कंटाळली आणि एक दिवस फोन उचलेनाशी झाली.

चहा आणून ठेवल्यावर नवऱ्याने तिला बाजूला नेलं. "बसशील ना? आणि ऐक, शेवटी तूच वळायचंस. तुझाच चेहरा."

एवढ्यासाठी ती हो म्हणाली. न्हाणीघराच्या आरशासमोर तिने वळून बघितलं. एकदा दचकून वळली, एकदा हसून, एकदा काहीच न करता. तिसरं तिला बरं वाटलं.

२

कामाची पद्धत अशी. खोली एवढीशी, त्यात कॅमेरा मागच्या भिंतीला चिकटून उभा. दुसऱ्या माणसाला जागाच नाही. शिवाय त्या पांढऱ्या जमिनीवर कुणाचं पाऊल उमटलं की दीर घायाळ. म्हणून तिला सूट चढवायचा, खुर्चीत बसवायचं, हूड पुढे ओढायचं, दाराच्या जागी पांढरी फळी लावायची, फळीच्या कडांना बाहेरून टेप मारायची, म्हणजे उजेडाची रेघही आत येणार नाही. मग सगळ्यांनी हॉलमध्ये मॉनिटरसमोर बसायचं.

सूट सासूबाईंनी शिवला होता, एक जुना रेनकोट आणि गाडीच्या काचेला लावतात ती चंदेरी पडदी मिळून. आत शिरलं की माणूस डब्यातल्या पोळीसारखा घामेजे. सूचना देण्यासाठी शेजाऱ्यांकडून बाळाच्या खोलीत ठेवतात तसला बोलका डबा उसना आणला होता. त्याची जोडी होती, एक हॉलमध्ये नवऱ्याकडे, दुसरा आत तिच्या पायाशी; नवरा बटण दाबून बोलला की आत आवाज येई. तो देताना शेजारीण सासूबाईंना म्हणाली, "काय हो, इतक्यात गोड बातमी?" सासूबाई म्हणाल्या, "छे हो. यांचं बाळ चंदेरी आहे आणि ते रांगतच नाही."

तर नवरा हॉलमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायचा आणि शेळी एकच होती.

"हललीस." "खांदा पडला." "कट. पुन्हा घेऊ."

कानसेन म्हणायचा, "वहिनी, श्वास फार ऐकू येतो तुमचा." दीर म्हणायचा, "वहिनी, समोरच्या पत्र्यात तुमचं नाक दिसतंय." तिने मान खाली घातली तर नवरा म्हणायचा, "पेंगते आहेस अशी दिसतेस." नाक लपवलं तर श्वास वाढे आणि श्वास धरला तर खांदे हलत. मधेच वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोकं पाडायला घेई, मग सगळे हात गळून बसत. दुपारमागून दुपार गेली. बाहेर आल्यावर तिची कुणी चौकशी करत नसे. चौकशी मॉनिटरमधल्या बाईची होई: ही वाकडी का दिसते, ही जिवंत का वाटते.

"जिवंत वाटायला नको?" तिने एकदा विचारलं.

"तसं नाही गं," नवरा वैतागून म्हणाला. "वाटायला हवी, पण... जाऊ दे. तुला नाही कळायचं."

३

त्या दुपारी केबल बिघडली. तिघं हॉलमध्ये वायरींचा गुंता घेऊन बसले. फळी काढलेलीच होती. तिने सूट उतरवला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तिघांच्या डोक्यावरून म्हणाली, "मी खाली जाऊन आईंचं खोकल्याचं औषध घेऊन येते." कुणी वर बघितलं नाही. ते नेहमीचंच होतं.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. ती परत आली तेव्हा दार लोटलेलं होतं आणि हॉलमध्ये कुणी हूं की चूं करत नव्हतं. तिघं मॉनिटरसमोर, तिच्याकडे पाठ करून. चप्पल काढता काढता तिला वाटलं, रेकॉर्ड केलेलं बघताहेत. मग कानसेनने हेडफोनवर हात दाबून मान डोलावली आणि नवरा डब्यात म्हणाला, "अप्रतिम. कट. ऊठ आता, दमली असशील."

ती चप्पल हातात घेऊनच पुढे आली.

"आज काय बसलीस!" नवऱ्याने स्क्रीनवरची नजर न काढता तिचं मनगट दाबलं. 

"वहिनी, श्वासाचा पत्ता नाही आज," कानसेन म्हणाला. "मी दोनदा माइक तपासला."

"आणि पत्र्यात नाकही नाही," दीर म्हणाला. "मी आठवडाभर दिवे सरकवतोय. काय केलंत काय?"

ती सांगणार होती. औषधाची बाटली तिच्या हातात होती, ती नुसती वर धरली असती तरी झालं असतं. पण या घरात आल्यापासून तिघांनी मिळून तिचं कौतुक केल्याची ही पहिली वेळ होती.

"काही नाही केलं," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दीर फळी काढायला गेला. तिने पाहिलं, टेप चारही कडांना जशीच्या तशी होती. त्याने ती चर्रकन ओढून गोळा केली आणि कोपऱ्यात टाकली. आत खुर्ची रिकामी होती आणि सूट तिने टाकला होता तसाच पाठीवर पडलेला होता.

४

तिन्हीसांजेला दीर कॉम्प्युटरवर दुपारचं काम बघत असताना ती मागे जाऊन उभी राहिली.

स्क्रीनवर खुर्ची होती. खुर्चीत ती होती. निदान सूट होता, हूड होतं, खांद्यांचा उतार होता. ती कितीतरी वेळ बघत राहिली. आपला आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला की परका वाटतो, फोटोत आपण वाकडे दिसतो, तरी ओळख पटते. पाठीचं तसं नाही. आपली पाठ जन्मात आपण पाहिलेली नसते. ही माझी नाही, असं शपथेवर सांगायला तिच्याकडे काही खूण नव्हती.

"भावजी, हे आजचंच?"

"हो."

"मी आज बसलेच नव्हते. औषध आणायला गेले होते."

त्याने खुर्ची गर्रकन फिरवली. तो हसेल असं तिला वाटलं होतं. त्याने विचार केला. "मग कालचं चाललं असेल मॉनिटरवर. केबल काढली-घातली ना, प्लेबॅक सुरू झाला असेल. आम्ही बावळट, लाइव्ह समजून बसलो."

ती इतकी हलकी झाली की तिने त्याला मागच्या सगळ्या टोमण्यांची माफी मनातल्या मनात देऊन टाकली. मग लक्षात आलं, काल तर पत्र्यात तिचं नाक दिसत होतं. सगळ्यांनी ते बोलून दाखवलं होतं.

अंथरुणं घालताना तिने नवऱ्याला सांगितलं. तो वायरी गुंडाळत होता.

"मग कोण होती? तुझी जुळी?"

"चेष्टा नको करूस. ती मी नाही."

"अगं, तुझी पाठ मला कळणार नाही का?" तो म्हणाला. तो अगदी मनापासून म्हणाला, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन बसली. जागा अडवून ठेवावी तशी बसली.

फळी लागली. टेपचा आवाज चारही कडांनी फिरला. दिवे तापायला लागले. समोर टाचणीचे तारे, पत्र्यात तिचं नाक, सूटमध्ये तिचा घाम. सगळं जागच्या जागी. तिला नाकाचा कधी नव्हे एवढा आधार वाटला.

डबा खरखरला. "खांदा पडलाय. कालच्यासारखं बस ना." नवऱ्याच्या आवाजात तोच वैताग होता. तिने खांदा उचलला. "नाही गं. ते नाही. काल कशी बसली होतीस? आठव जरा."

ते तिला कसं आठवणार?

तिने हलायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे मान वळवून मागे बघायची सोय नव्हती. मागे कॅमेरा होता, एवढंच असायला हवं होतं.

"थोडी उजवीकडे," डबा म्हणाला.

ती हलली नाही.

"हां," डबा म्हणाला. "हां, अशीच. छान. सुंदर."

तिने आवंढा गिळला. तो आवाज कानसेनला ऐकू जायला हवा होता, तो ओरडायला हवा होता. कुणी काही बोललं नाही. पत्र्यात तिचं नाक होतं. दीरही काही बोलला नाही.

"कट! चल, ये बाहेर. चहा घे."

ती फळी निघायची वाट बघत बसली. टेप ओढल्याचा आवाज आला नाही. हॉलमधून कपबशी वाजली. नवरा बोलत होता, डब्यातून नाही, नुसताच, भिंतीपलीकडून. "बस इथे. दमलीस ना? आज जमलं बघ तुला." मग सासूबाईंचा आवाज: "साखर बरी आहे का गं?" मग कुणीतरी उत्तर द्यावं तेवढी जागा सोडून त्याच म्हणाल्या, "बरं."

तिने फळीवर दोन्ही हातांनी धपाटे घातले.

टेप निघाली. दीर दारात उभा होता. "वहिनी! तुम्ही परत आत कधी गेलात?" मग त्याने हातातल्या ताज्या टेपच्या गोळ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी आली, क्षणभर ती राहिली, आणि गेली. "काय डोकं चाललंय माझं," तो पुटपुटला. "झोप नाही दोन दिवस."

हॉलमध्ये नवऱ्याच्या शेजारचं स्टूल रिकामं होतं. स्टुलासमोर एक कप होता, काठोकाठ भरलेला.

"घेतला नाहीस चहा?" तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "गार झाला बघ."

६

"चहा दिलास तेव्हा माझा चेहरा पाहिलास?"

"म्हणजे?"

"चेहरा. नाक, डोळे. पाहिलेस?"

स्वयंपाकघरात दोघंच होती. नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी शॉट बघत होतो. तू येऊन बाजूला बसलीस. कळतं की माणसाला बाजूला कोण बसलंय ते."

"कसं कळतं?"

"अगं, घरातल्या माणसाकडे काय दर वेळी निरखून बघायचं असतं? आईकडे मी शेवटचं निरखून कधी बघितलं, मला सांगता येणार नाही."

"आणि आईंनी पाहिलं?"

"आता आईलाही साक्षीला बोलावतेस?" त्याने कपाळावर हात मारला. मग त्याचा सूर उतरला. तो थकला होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि तिला त्याची कीवही आली. "एकच शॉट उरलाय. उठायचं आणि वळायचं. एवढा दे मला. मग त्या भिंती फोडू, खोली आपली, कॅमेरा गेला खड्ड्यात. घाबरतेस का चेहरा दाखवायला?"

"मी नाही घाबरत," ती म्हणाली. "मी उद्या बसणार नाही."

"बसशील," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला आणि तिच्या डोक्यावर थोपटून गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. शॉटमध्ये वळणं तिलाच हवं होतं. त्यासाठीच तर तिने घाम, टोमणे, फळी, टेप सगळं सोसलं होतं. ते चौघं पहिल्यांदाच तिच्याकडे, म्हणजे नीट तोंडाकडे, बघणार होते. आता तिला कळत होतं की त्या शॉटमध्ये जी वळेल, तिचा चेहरा हाच तिचा चेहरा ठरेल. चौघं तो बघतील, मान डोलावतील, "जमलं" म्हणतील. नंतर कुणी ताडून बघणार नाही. ती स्वतः मग कुठे असेल, हा विचार तिला पुरता करता येईना. फक्त बंद फळीची आतली बाजू डोळ्यांसमोर येत होती.

७

सकाळी उठल्या उठल्या तिने सूट धुतला.

तिच्या लेखी हा साधा, घरगुती उपाय होता. सूट एकच, तो ओला, म्हणजे शूटिंग नाही. रेनकोट आणि चंदेरी पडदी, वाळायला दिवस तरी जाईल. बादलीतून काढून तिने तो बाल्कनीत टांगला आणि आत येऊन एकेकाला सांगितलं. दीर ब्रश तोंडात घालून "हं" म्हणाला. कानसेन आला तेव्हा त्याच्या कानात आधीच काहीतरी होतं. त्याने अंगठा वर केला. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस, वास मारत होता." नवरा फोनवर होता. तिने समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, सांगितलं, "सूट धुतलाय. ओला आहे. आज काही होणार नाही." त्याने फोनवर हात ठेवून मान हलवली.

दुपारी ती बाल्कनीत होती. सूट अजून टपटपत होता. बाह्या पिळल्या तर पुन्हा तेवढंच पाणी. आत खुर्च्या सरकल्या. आत नेहमी आवाज असत, तिने लक्ष दिलं नाही. मग टेप मारल्याचा आवाज आला, एका कडेने, दुसऱ्या, तिसऱ्या.

ती वळून आत आली तेव्हा सूट तिच्या कवेतच होता, ओला, जड, झोपेतल्या मुलासारखा खांद्यावर कलंडलेला.

हॉलचे पडदे ओढलेले. चौघं मॉनिटरसमोर, चौघांची पाठ तिच्याकडे. नवरा, दीर, कानसेन, आणि आज शेवटचा शॉट म्हणून स्टूल ओढून बसलेल्या सासूबाई. चौघांच्या डोक्यांच्या मधून तिला स्क्रीन दिसली.

खुर्चीत ती बसली होती. सूट कोरडा होता. चंदेरी खांद्यांवर दिव्याची तिरीप होती. समोरच्या पत्र्यात तारे होते आणि ताऱ्यांशिवाय काही नव्हतं.

"किती शहाण्यासारखी बसलीये बघ," सासूबाई कुजबुजल्या. "उगाच म्हणत होती बसणार नाही."

"शूऽऽ," कानसेन म्हणाला. मग त्याने एक हेडफोन कानावरून बाजूला केला. "पाणी कुठे गळतंय?"

तिच्या कोपरावरून थेंब फरशीवर पडत होते. एक. मग एक.

स्क्रीनवर हूड किंचित कललं. डब्याच्या दिशेने नाही, तो पायाशी होता. फळीच्या दिशेने, या बाजूला, थेंब पडत होते तिकडे. कान देताना माणूस कलतो तसं. कलताना हूड आणि कॉलरच्या मध्ये फट पडली. तिथे मान असायला हवी होती. दिव्याची तिरीप त्या फटीत शिरली आणि तिथे जे होतं त्यावर पडली. तिने ते पाहिलं, एका थेंबाच्या वेळापुरतं, आणि डोळे खाली घेतले.

"घाई बघा हिची," नवरा हसला. किती दिवसांनी हसला. "अजून सांगितलं नाही तर निघाली." दीरही हसला. कुणाला काही दिसलं नव्हतं. ते सगळे चेहऱ्याची वाट बघत होते.

नवऱ्याने डबा तोंडाजवळ घेतला. "तयार? सावकाश उठायचं. घाई नाही. आणि मग..."

हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि तिचा श्वास हॉलमध्ये एवढ्या मोठ्याने वाजला की चौघंही दचकले. एकेक करून चौघं मागे वळले. आधी कानसेन, मग दीर, मग सासूबाई. सगळ्यात शेवटी नवरा. त्याचा अंगठा अजून बटणावरच होता. चौघांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या कवेतल्या ओल्या सुटाकडे, आणि पुन्हा तोंडाकडे. त्यांच्या मागे, आता कुणीच बघत नसलेल्या स्क्रीनवर, खुर्ची करकरली.

"तिला वळायला सांगू नका," ती म्हणाली.